पवळीच्या शेणातली परी

करवंदांच्या जाळ्यांआड, डोंगर उतरून नदीपाशी येतो तिथं, घोळवाडी नावाची चिमुकली वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला मातीचं एक छोटंसं घर होतं. त्या घरात राहायची सगुणा, तिची भागाआत्या आणि पवळी. पवळी म्हणजे त्यांची गाय. अंगानं तांबडीलाल, कपाळावर पांढराशुभ्र ठिपका, आणि डोळे असे काळेभोर की वाकून बघितलं तर आपलंच तोंड त्यांत दिसायचं.

सगुणाला आई नव्हती आणि बाबाही नव्हते. आत्यानं तिला कडेवर घेऊन घरी आणलं, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. आत्या दिवसभर लोकांच्या शेतात खुरपायला जायची. घरात भाकरी असायची, पण भाकरीबरोबर कालवण रोज असेलच असं नाही. सगुणाच्या परकराला इतकी रंगीबेरंगी ठिगळं होती की मुळात तो परकर कोणत्या रंगाचा होता, यावर दोघी हसत हसत भांडायच्या. आत्या म्हणायची हिरवा, सगुणा म्हणायची निळा.

सगुणा वाढली ती पवळीच्या दुधावर. पण आता पवळी म्हातारी झाली होती आणि तिचं दूध आटलं होतं. दूध न देणाऱ्या गाईला लोक भाकड म्हणतात. हा शब्द कुणी पवळीसमोर बोललं, की सगुणा धावत जाऊन पवळीचे दोन्ही कान आपल्या हातांनी झाकून घ्यायची.

त्या वर्षी पाऊस जेमतेम पडला होता. डोंगरावरचं गवत दसऱ्यालाच पिवळं पडलं, आणि गोठ्यातला कडबा बघता बघता संपत आला.

"सगुणे, दिवाळी सरली की बाजार हाय," आत्या एका संध्याकाळी म्हणाली. "भाऊबीजेच्या सकाळी व्यापारी येईल. पवळीला घेऊन जाईल."

"कुठं नेईल?"

चुलीपुढं बसून आत्या नुसत्याच काटक्या पुढं सारत राहिली. मग हळूच म्हणाली, "कडबा बघितलास न्हवं? दावणीला बांधून उपाशी मारू का तिला? ते माझ्याच्यानं बघवायचं न्हाई गं."

आत्याचा आवाज ओला झाला होता. सगुणाला तिचा राग आला नाही, पण तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. ती उठून गोठ्यात गेली आणि पवळीच्या गळ्यात हात टाकून खूप रडली. पवळी तिचा हात आपल्या खरखरीत जिभेनं चाटत राहिली.

असं करता करता वसुबारस आली. घोळवाडीत या दिवसापासून अंगणात शेणाच्या गवळणी करायची रीत होती. म्हणजे काय, ते सांगते. ताजं शेण घ्यायचं आणि त्याच्या बोटाएवढ्या बाहुल्या वळायच्या. कुणी दळण दळतेय, कुणी ताक घुसळतेय, कुणाच्या डोक्यावर घागरींची उतरंड. मग त्यांना फुलांनी नटवायचं. आता नाक मुरडू नका हं. मला इथून दिसतंय. गाईनं हिरवागार चारा खाल्लेला असतो, तिच्या शेणाला वास येतो तो ओल्या रानाचा. आणि सगुणाची बोटं तर अशी नाजूक चालायची, की तिच्या गवळणी आता बोलतील की मग, असं वाटायचं.

शेवटी चिमूटभर शेण उरलं. सगुणानं त्याची एक इवलीशी गवळण केली. झेंडूच्या केशरी पाकळीची साडी, गुंजेचे लालकाळे डोळे, केसांत कुर्डूचा गुलाबी तुरा. डोक्यावर घागर. बाकीच्या मुली गवळणींच्या घागरीत दुधाचा थेंब घालत होत्या. सगुणाकडं दूध कुठलं? तिनं गवतावरचा दवाचा एक टपोरा थेंब अलगद उचलून घागरीत ठेवला.

"तुला हाच गोड लागू दे," ती म्हणाली.

तेवढ्यात आभाळ गडगडलं. दिवाळीच्या तोंडावर कधी नव्हे तो पाऊस, आणि तोही असा धो धो, की अंगणातल्या पोरी किंचाळत घराघरांत पळाल्या. सगळ्यांच्या गवळणी वितळायला लागल्या. सगुणा पळाली नाही. ती आपल्या गवळणींवर ओणवी झाली आणि पाठीवर पाऊस झेलत तशीच राहिली. पागोळ्या मानेवर पडत होत्या, दात कडकड वाजत होते, तरी ती हलली नाही.

पाऊस जसा आला तसा गेला. सगुणानं डोळे उघडले, तर ती चिमूटभर गवळण शिंकत होती.

"आक्छी! किती गं भिजलीस माझ्यापायी," ती नाजूक आवाजात म्हणाली. तिच्या पाठीवर दोन चिमुकले पंख उघडले. ते हिरवे होते, मग सोनेरी झाले, मग निळसर. गुंजेचे डोळे लुकलुकले. डोक्यावरच्या घागरीतला दवाचा थेंब चांदणीसारखा चमकत होता.

"तू परी आहेस?" सगुणानं विचारलं.

"हो तर. शेणातली परी. फुलांतल्या पऱ्या मला आपल्यात घेत नाहीत, त्यांना वास येतो म्हणे. असू दे. मला पाडव्यापर्यंत इथं राहायचंय, आणि तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करायच्यात. पण ऐकून घे, माझे नियम फार कडक आहेत."

परीनं आपली इवली बोटं कमरेवर ठेवली. इच्छा मागताना हात ताज्या शेणात असायला हवा. त्या वेळी नाक मुरडलं, तर इच्छा फुकट. आणि अर्धंमुर्धं काही चालायचं नाही, जे बदलेल ते सगळंच्या सगळं बदलेल.

"आणि जादू चालते ती शेणावरच," परी म्हणाली. "माणसांच्या मनावर माझी काही सत्ता नाही. आजारपणावर नाही, आभाळावरही नाही."

सगुणाचं तोंड उतरलं. "म्हणजे पवळीला ठेवून घे, असं आत्याला सांगता येणार नाही तुला?"

"नाही गं सोने. तेवढं मला येत नाही."

सगुणा विचारात पडली. घराच्या वळचणीला गोवऱ्यांची हुडवी रचलेली होती. वर्षभर पवळीच्या शेणाच्या थापून वाळवलेल्या गोवऱ्या, गोल रचून वरून शेणानंच लिंपलेल्या. बाहेर एवढा पाऊस झाला तरी आत थेंब शिरला नव्हता. तिकडं बघता बघता सगुणाचे डोळे चमकले. तिनं गोठ्यातल्या ताज्या शेणात हात घातला आणि डोळे मिटून म्हणाली, "आमच्या सगळ्या गोवऱ्या सोन्याच्या होऊ देत. म्हणजे पवळीला डोंगराएवढा कडबा घेता येईल."

परीच्या कपाळाला एवढीशी आठी पडली. पण तिनं पंख फडकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं चुलीत घालायला हुडवीतली एक गोवरी ओढली, ती तिला उचलेना. दोन्ही हातांनी तिनं कशीबशी चुलीत ढकलली, काडी लावली, फुंकून फुंकून डोळे लाल केले. गोवरी पेटेना. आत्यानं ती बाहेर काढून पदरानं पुसली, तर हातात लखलखीत सोनं, आणि त्यावर तिच्याच पाची बोटांचे ठसे.

आत्यानं सगुणाला हाक मारली.

सगुणानं तिला सगळं सांगितलं. परीनं सगुणाच्या खांद्यावर उभं राहून नमस्कारही केला. आत्या आधी हसली, मग रडली, मग गोठ्यात जाऊन पवळीच्या पाया पडली. "आता कशाला जातेस बाई बाजाराला," ती पवळीला म्हणाली. "आता बस रवंथ करत." सगुणानं टाळ्या पिटल्या. चूल पेटली नव्हती, चहा नव्हता, पण त्या सकाळी त्या घराइतकं सुखी घर साऱ्या मुलखात नव्हतं.

तेवढ्यात दारात धोंडूकाका कुंभार येऊन उभे राहिले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, डोळे रात्रभर न झोपलेले.

"भागाबाई, अडचणीत आलोय," ते म्हणाले. "कालच्या पावसानं भट्टी भिजली. आतल्या पणत्यांचा पार चिखल झाला. रात्रीत नव्या केल्यात, चुलीपाशी सुकवल्यात. पण भाजू कशावर? साऱ्या वाडीच्या गोवऱ्या भिजल्यात, लाकडं भिजलीत. तुमची हुडवी तेवढी लिंपलेली. आज भाजल्या न्हाईत, तर यंदा वाडीत एकाच्या दारात दिवा लागायचा न्हाई."

आत्यानं हातातलं सोनं पदराखाली लपवलं. तिनं सगुणाकडं बघितलं. सगुणानं परीकडं बघितलं.

"निम्म्या गोवऱ्या शेणाच्या केल्या तर?" सगुणानं कुजबुजत विचारलं.

"अर्धंमुर्धं नाही," परी तितक्याच हळू म्हणाली. "सगळ्या, नाहीतर एकही नाही."

सगुणा गोठ्याच्या दाराशी गेली. पवळी शांतपणे रवंथ करत होती. आज सोनं गेलं की भाऊबीजेला पवळी जाणार, हे सगुणाला कळत होतं. मग तिला काकांच्या अंगणातल्या पणत्या आठवल्या, ओल्या मातीच्या, एकेका पणतीच्या कडेला काकांच्या अंगठ्यानं काढलेलं वातीचं टोक. आणि अंधारातली वाडी डोळ्यांपुढं आली. दिवाळीच्या रात्री सगळी दारं काळोखी.

तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं शेणात हात घातला. "आमच्या गोवऱ्या पुन्हा शेणाच्या होऊ देत," ती म्हणाली, "आणि चांगल्या पेटू देत."

आत्यानं पदराखालून हात काढला. हातात साधी गोवरी होती, सुकी, हलकी. तिनं ती क्षणभर बघितली, आणि धोंडूकाकांच्या पाटीत टाकली.

"न्या समद्या," ती म्हणाली. "लोकांच्या दारात अंधार आन् आमच्या घरात सोनं, असला घास आमच्या घशाखाली उतरला नसता."

धोंडूकाकांना यातलं काहीच कळलं नाही. ते फक्त "देव तुमचं भलं करो" म्हणाले आणि पहिली पाटी भरून डोक्यावर घेऊन पळत सुटले.

त्या दिवशी भट्टी पेटली. गोवऱ्यांची धग मंद असते, सगळीकडून सारखी, त्यामुळं एकही पणती तडकली नाही. संध्याकाळी भट्टीतून लालचुटुक पणत्या निघाल्या आणि घराघरांत गेल्या.

सगुणाच्या मनात मात्र एकच हिशेब फिरत होता: एकच इच्छा उरली. तिला रडू यायचं, पण परी तिला नुसतं बसू देईना. "चल, हात चालव," ती सगुणाच्या कानामागून किणकिणायची. दोघींनी शेणकाला करून अंगण सारवलं, तर धूळ बसली आणि अंगण हिरवं गार झालं. शेजारच्या सुंदरकाकूंच्या बांबूच्या कणगीला भेगा पडल्या होत्या, तिथून किडे धान्यात शिरत होते. सगुणानं त्या शेणामातीनं लिंपून दिल्या. पुढच्या वर्षीसाठी ठेवायचं भोपळ्याचं बी शेणात दडपून भिंतीवर थापलं, म्हणजे त्याला कीड लागणार नाही. धोंडूकाकांच्या भट्टीतली राख आणून तिनं वाडीभर वाटली, त्या राखेनं तांब्या-पितळेची भांडी अशी लखलखली की आत्या म्हणाली, सोन्याची हौस फिटली. सुंदरकाकूंची शेवंती कळ्या धरून रुसली होती. सगुणानं उकिरड्याच्या तळाचं जुनं, काळंभोर, मऊ खत उकरून तिच्या मुळाशी घातलं.

"अगं, हे सगळं तू करतेस, आणि माझी इच्छा तशीच पडलीय," परी म्हणाली.

"ही तर पवळीची कामं," सगुणा म्हणाली. "मी फक्त नेऊन देते. पण लोक म्हणतात, पवळी काही देत नाही."

"लोकांना दिसत नाही," परी म्हणाली. "मला दिसतं."

पाडव्याची संध्याकाळ झाली. घोळवाडीत दारोदारी धोंडूकाकांच्या पणत्या पाजळल्या होत्या. पाडवा सरला की गवळणी गोळा करून त्यांच्या गोवऱ्या थापायच्या, अशीच रीत होती. सगुणा अंगणात परीपाशी बसली. आत्या उंबऱ्यात बसून दोघींकडं बघत होती.

"सगुणा, मागतेस ना?" परीनं विचारलं.

"मागते. तुला जे दिसतं ना, ते एकदा सगळ्यांना दिसू दे. शेणात काय असतं ते."

परीचे पंख हळूच मिटले. "छान मागितलंस," ती म्हणाली. "पण ते दाखवायला माझा सगळा उजेड लागेल. मग मी तुला पुन्हा कधीच दिसणार नाही."

"मग नको," सगुणा लगेच म्हणाली. तिनं परीला ओंजळीत घेतलं. "पवळी जाणार, तू पण कायमची जाणार. मला नको ती इच्छा."

"वेडी कुठली," परी म्हणाली, आणि तिनं सगुणाच्या अंगठ्याला आपला इवलासा गाल लावला. "मी कुठं जाणार? गाईनं गवत खाल्लं की शेण, शेणाचं खत, खताचं पुन्हा गवत. त्या वाटेवर मी असतेच. फक्त ओळख दाखवणार नाही. घाल हात."

सगुणानं हुंदका देत देत शेणात हात घातला आणि इच्छा मागितली.

परीच्या डोक्यावरच्या घागरीतला थेंब आधी पांढरा झाला, मग केशरी, मग इतका झगझगीत की बघवेना. तो उजेड अंगणभर सांडला आणि अंगणांअंगणांतून वाडीभर पळत सुटला. सारवलेली जमीन पाचूसारखी हिरवी झाली आणि तिच्यात वाऱ्यावर डुलणारं कोवळं गवत दिसायला लागलं. भिंतीवर थापलेल्या शेणात भोपळ्याचं बी निजलं होतं, ते कुशीवर वळताना दिसलं. उकिरड्यात तर काय, पुढच्या वर्षीची ज्वारीची टपोरी कणसं, लालबुंद मिरच्या, पिवळीधमक शेवंती, एकमेकांना ढकलत उभी होती. चुलीतल्या गोवरीत भाकरीचा पापुद्रा फुगत होता. आणि दारातल्या प्रत्येक पणतीच्या ज्योतीत एक तांबडीलाल गाय उभी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. लोक दारात येऊन उभे राहिले. सुंदरकाकूंनी नकळत हात जोडले.

मग उजेड आकसत आकसत पुन्हा सगुणाच्या ओंजळीत आला. तिथं तो एकदा हसल्यासारखा लुकलुकला आणि मावळला. ओंजळीत राहिली एक झेंडूची पाकळी आणि चिमूटभर शेण. आत्यानं सगुणाला कुशीत ओढलं आणि ती तिला तशीच घेऊन बसून राहिली.

भाऊबीजेच्या सकाळी आत्या आधी उठली. दार उघडायला गेली, तर दार उघडेना. बाहेरून काहीतरी लागलं होतं. दोघींनी मिळून ढकललं तेव्हा कळलं, दाराशी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सगळ्या अंगणात पेंढ्याच पेंढ्या, आणि आणखी येतच होत्या. धोंडूकाकांनी डोक्यावरचा भारा खाली टाकला. "माझ्या भट्टीला पवळी पाहिजे," ते म्हणाले. "दर महिन्याला एवढा कडबा मी देतो, गोवऱ्या तेवढ्या मला द्या." सुंदरकाकू म्हणाल्या, "माझी शेवंती आज उमलली बघ. हिरवा चारा माझ्याकडं लागला. खत मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नगंस." वाडीत कडबा कुणाकडंच फार नव्हता, पण घराघरातून थोडा थोडा आला होता.

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. सगुणा पेंढ्यांवरून उड्या मारत गोठ्यात गेली आणि पवळीपुढं एक अख्खी पेंढी सोडली.

ऊन वर आलं तेव्हा व्यापारी आला. हातात दोर घेऊन तो अंगणात उभा राहिला, पेंढ्यांच्या डोंगराकडं त्यानं एकदा नवलानं बघितलं.

"भागाबाई, गाय द्या सोडून. उशीर होतोय बाजाराला."

"गाय न्हाई मिळायची," आत्या म्हणाली.

"का? दूध द्यायला लागली का काय?"

"न्हाई. ती कामावर हाय."

"भाकड गाय? आन् कामावर?" व्यापारी पोट धरून हसला.

सगुणानं पवळीचे कान झाकले नाहीत. ती पाटी घेऊन गोठ्याच्या दारात नीट उभी राहिली. पवळीनं तोंडातला कडबा सावकाश चावून संपवला, व्यापाऱ्याकडं आपल्या काळ्याभोर डोळ्यांनी एकवार बघितलं, आणि शेपटी उचलली.